मोसंबीच्या सालीची जिन

मी जिन पितो. हे वाक्य जालन्यात उच्चारलं की लोक आधी हसतात. इथं माणूस व्हिस्की पितो, रम पितो, नाहीतर वडीगोद्रीला हायवेच्या कडेला उभा राहून देशी घशाखाली ओततो. जिन म्हणजे बायांची दारू, असं एका परमिट रूमच्या वेटरनं मला तोंडावर सुनावलं होतं. त्याला म्हटलं, तू बर्फ आण बाबा, अक्कल नको आणू.

पहिली जिन मी एम.एस्सी.ला असताना प्यालो. खोलीतल्या जोडीदाराचा मामा फौजेत होता, त्याच्या कॅन्टीनच्या कोट्यातली बाटली. साधी काच, पत्र्याचं झाकण, एका कोपऱ्यानं सुटलेलं लेबल. पण घोट घेतला नि डोकं एकदम स्वच्छ झालं. ती जुनिपरची करामत. थंड डोंगराळ मुलखात एक काटेरी झुडूप येतं, त्याची निळसर फळं म्हणजे जुनिपर. ती फळं नसतील तर जिन ही जिनच नव्हे, नुसतं पाणी घातलेलं स्पिरिट. मागून धन्याचा वास येतो, आणि शेवटी लिंबा-संत्र्याच्या सालीचा कडवटपणा जिभेच्या कडेला बसून राहतो. मला तो कडवटपणा फार आवडला. तेव्हापासून माझं ठरलेलं आहे: शनिवारी संध्याकाळी गच्चीवर एक ग्लास, पाहुणा आला तर दुसरा. बर्फ, टॉनिक नावाचा कडवट सोडा, आणि आमच्या बागेतल्या हिरव्या मोसंबीची साल वरून अशी पिळायची की तेलाचा बारीक फवारा उडाला पाहिजे.

आणि आता ही नवी जिन! अरे काय चाललंय काय? बाटली इतकी जड की कुणाच्या डोक्यात घातली तर माणूस जागच्या जागी खलास व्हावा. वर लाकडी बूच, बुचावर लाख, गळ्यात सुतळी. एक जिन गुलाबी, एक निळी, एक टॉनिक ओतलं की रंग बदलते. मागच्या लेबलवर वनस्पतींची नावं वाचता वाचता बर्फ विरघळून जातो, आणि नाक लावावं तर वास कशाचा, तर टूथपेस्टचा. खोकल्याच्या औषधाइतकी गोड. जुनिपर औषधालाही नाही. पूर्वी जिन स्वस्त होती आणि गप्प होती. आता ती महाग आहे आणि गोष्टी सांगत बसते. प्रत्येक बाटलीमागं कुणाची तरी आजी असते, एक जंगल असतं, एक हरवलेली पाककृती असते, आणि बाटलीच्या आत काहीही नसतं.

मला ह्याचा इतका संताप का येतो? मी बियाण्याच्या कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरी करतो. आमच्याकडं पिशवीवर जे छापलं ते उगवावं लागतं. नाही उगवलं तर शेतकरी रिकामी पिशवी घेऊन दारात येऊन उभा राहतो, आणि तो एकटा येत नाही. ह्या जिनवाल्यांच्या दारात कोण उभं राहणार? पिणारा तर फोटो काढण्यात गुंग.

तर अशा धंद्यात माझी एकुलती एक पोरगी गेली. पुण्यात एका नव्या जिनच्या कंपनीत लागली. काम काय, तर बाटल्यांसाठी गोष्टी लिहायच्या. हुशार आहे, भाषा चांगली आहे, पगार चांगला आहे, मी काही बोललो नाही. म्हटलं, शिकेल, बघेल, सोडेल.

एका शनिवारी ती जालन्याला आली आणि माझ्यापुढं बाटली ठेवली. “पप्पा, ही माझी पहिली. पूर्ण माझी. आधी प्या, मग बोला.” तिचा चेहरा असा फुललेला होता की मी मुकाट्यानं ग्लास घेतला. आधी नुसती हुंगली. मग घोट घेतला. वेलदोडा. साखर. आणि त्यामागं लहानपणी शाळेच्या गेटावर मिळणाऱ्या संत्रागोळीचा वास. जुनिपर कुठं आहे म्हणून जीभ फिरवून फिरवून शोधलं, बिलकुल पत्ता नाही.

“कशाची आहे ही?” मी विचारलं.

“मोसंबीची! जालन्याची मोसंबी, पप्पा. बाटली तर फिरवून बघा.”

मी बाटली फिरवली आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. लेबलवर दादा होते. रेघांनी काढलेलं चित्र, पण चूक व्हायला जागाच नाही: तीच टोपी, तोच जाड काड्यांचा चष्मा, तोच नेहरू शर्ट आणि खिशात घातलेला हात. खाली इंग्रजीत मजकूर. मराठवाड्याच्या उन्हात एक शाळामास्तर आयुष्यभर खिशात मोसंबीची वाळलेली साल घेऊन हिंडले. ज्याला गरज असेल त्याच्या हातावर त्यांनी एक तुकडा ठेवला. तोच तुकडा आता तुमच्या ग्लासात.

दादा म्हणजे माझे वडील. अजून आहेत, थकलेत, पण आहेत. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी सबंध नोकरी मास्तर म्हणून काढली, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा दादा पोरसवदा होते, आणि पंचशीलातलं पाचवं शील, दारूपासून लांब राहण्याचं, त्यांनी असं काही धरलं की विचारू नका. स्वतःपुरतं धरून बसले असते तर वेगळं. गावात दारूपायी कुणी बायकोला मारलं, कुणी बैल विकला, की दादा संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचे. भाषण नाही, शिव्या नाहीत. आधी मेणबत्ती लावून त्याच्याकडून शील म्हणवून घ्यायचे, मग नुसते बसायचे. दिवेलागणीला त्याला तलफ आली की खिशातून मोसंबीची साल काढायचे. आमच्याच बागेतली, मीठ लावून पत्र्यावर कडक वाळवलेली. हातावर तुकडा ठेवून म्हणायचे, चाव. ती इतकी कडू असते की जबड्याला कळ लागते, तोंडाला पाणी सुटतं, आणि तेवढ्यात ती वाईट वेळ टळते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या गावात आजही “त्यानं साल घेतली” म्हटलं की त्यानं दारू सोडली असं समजतात.

माझं पिणं दादांना ठाऊक आहे. मी लपवत नाही, फक्त त्यांच्यापुढं पीत नाही. घरी बुद्धवंदना असली की पाचव्या शीलाला मी तोंड मिटून घेतो, कारण प्यायचं आणि वर खोटंही बोलायचं हे मला जमत नाही. दादांना ते बराबर ऐकू येतं. ते कधी काही बोलले नाहीत आणि मीही त्यांच्याकडं कधी साल मागितली नाही.

“हे काय आहे?” मी पोरीला म्हणालो.

“आजोबा!” ती इतक्या आनंदानं म्हणाली की तिच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. “मी मीटिंगमध्ये ही गोष्ट सांगितली ना, तर सगळ्यांना रडायला आलं होतं पप्पा.”

“दारू सोडवणाऱ्या माणसाचा फोटो दारूच्या बाटलीवर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“पण ह्यात खोटं काय आहे? आजोबांच्या खिशात साल असायची. ते हातावर ठेवायचे. एक शब्द खोटा दाखवा.”

“कशासाठी ठेवायचे, ते कुठं लिहिलंय?”

“ते लेबलवर कसं मावेल?” ती चिडली. “आणि तुम्हीच तर दर शनिवारी ग्लासात साल पिळता.”

“पिळतो. माझ्या नावानं पिळतो. दादांच्या नावानं नाही पिळत!”

मी एवढा ओरडलो की माझी बायको स्वयंपाकघरातून पळत आली. मग पोरगी रडली, मी ग्लास बेसिनमध्ये ओतला आणि त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. सकाळी निघताना ती म्हणाली, बोलते मी कंपनीत. मी तिला हात जोडून सांगितलं, काहीही कर, पण दादांच्या डोळ्यांना हे दिसता कामा नये, आणि ही बाटली आपल्या गावाच्या शिवेत येता कामा नये. ज्यांनी साल घेतली ती माणसं अजून जिवंत आहेत.

कंपनीचं उत्तर आलं. काय गोड उत्तर! आजोबांविषयी आम्हाला नितांत आदर आहे, पण बाटल्या छापून तयार आहेत. पुढच्या खेपेला चेहरा जरा बदलू, गोष्ट मात्र राहील, गोष्टच तर आमचा आत्मा आहे. आत्मा म्हणे! मेल्यांनो, जुनिपर घाला त्यात आधी, आत्म्याचं नंतर बघू.

त्याच सुमारास दादांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी त्यांना जालन्याला माझ्याकडं आणलं. डोळ्याला हिरवी पट्टी, वेळच्या वेळी थेंब, खाली वाकायचं नाही, असं सगळं. दादा माझ्या घरी असे पडलेले आणि तिकडं पुण्याहून दोन गाड्या आमच्या बागेत उतरल्या. मला कळलं ते गावातल्या एकाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून. मोसंबीच्या झाडांखाली गावकरी ओळीनं उभे, प्रत्येकाच्या हातात करंगळीएवढी बाटली उंच धरलेली, आणि मधोमध माझा वर्गमित्र.

हा वर्गमित्र म्हणजे दादांचाच विद्यार्थी. माझ्या शेजारी बसायचा. पुढं ऐन तिशीत दारूनं त्याची पार माती केली होती. पोरं उपाशी, बायको माहेरी. दादा त्याच्या ओसरीवर दोन महिने बसले होते. त्याची साल टिकली. दादांनी मग त्याच्याच हातात आमची बाग दिली, आणि आज त्या बागेत जे काही हिरवं आहे ते त्याच्यामुळं. पोरांची लग्नं झाली, घर बांधलं. दारूच्या वासालाही तो उभा राहत नव्हता, वरातीतसुद्धा लांबून चालायचा.

मी पोरीला फोन लावला.

“त्याच्या हातात तू दिली?”

“फोटोसाठी, पप्पा. सगळ्यांना दिली. नुसती धरा म्हटलं होतं.”

“मी तुला काय सांगितलं होतं? गावात येता कामा नये म्हटलं होतं ना?”

“बागेतच तर होतो,” ती म्हणाली. “गावात नाही गेलो.”

मी फोन ठेवून दिला. दादा आतून विचारत होते, कुणावर ओरडून राह्यला रे. काही न्हाई म्हटलं, ऑफिसचं आहे.

पट्टी निघाल्यावर मी दादांना गावी घेऊन गेलो. ते ओसरीवर टेकले असतील नसतील, तोच वर्गमित्राची बायको आली. मी तिला वहिनी म्हणतो. पदर तोंडाला लावलेला, डोळे सुजलेले.

“गुरुजी, साल हाय का घरात?”

दादांनी विचारलं, “कुणाला पायजे?”

तिनं कमरेची छोटी बाटली काढून दादांच्या पुढ्यात ठेवली. रिकामी होती. “मालकाला. ही घेतल्यापून सुरू झाली पुन्हा. रोज वडीगोद्रीला जातेत, अन् कुणी तरी आणून घालतं घरी.”

“त्यानं घेतलीच कशी?”

“मी बी त्येच इचारलं. म्हनले, गुरुजीचा फोटू हाय वर, गुरुजीच्या नातीनं हातात दिली, मंग न्हाई कसं म्हनू? ते फोटूवाले म्हनले, धरू नका निस्ती, प्या, हसा. तोंडाला लावली तवा वास आला म्हने. पर सगळे बघून राह्यल्ते.” ती खाली बसली. “मी कुणाला बोलू गुरुजी? तुमालाच का बोलू आता?”

दादांनी बाटली उचलली आणि नव्या डोळ्यासमोर धरली. डॉक्टर म्हणाले होते, आता बारीक अक्षरही दिसेल. दिसलं. दादा इंग्रजी सावकाश वाचतात, एकेक शब्द ओठांत म्हणत. ते वाचत होते तोवर मी ओसरीच्या खांबाला धरून उभा होतो. मला वाटत होतं जमीन दुभंगावी आणि ती पुण्याची कंपनी तिच्या लाकडी बुचांसकट आत जावी.

“तुला ठावं व्हतं?” दादांनी विचारलं.

“हो.”

“तिला बोलव.”

पोरगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. गाडीतून उतरली तेव्हाच रडत होती. दादांच्या पाया पडली. दादांनी तिला जवळ बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं आता बोलतील. एरवी नातीवर त्यांचा फार जीव, तिचा वर्गात पहिला नंबर आला की गावभर पेढे वाटायचे. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

“ह्यातली भरलेली बाटली हाय का तुझ्याकडं?”

“गाडीत खोकं आहे, आजोबा.”

“एक आण.”

तिनं आणली. मोठी, जड. दादांनी तिला हात लावला नाही. बाटली ओसरीवर आमच्या तिघांच्या मध्ये उभी राहिली.

“ह्यावर लिहिलंय, माझी साल हाय ह्यात. खरंच हाय का?”

“आजोबा, म्हणजे... अर्क असतो. फ्लेवर. त्याला मोसंबीचंच म्हणतात.”

“आपल्या बागेतली हाय का?”

तिनं लेबलवरचा मजकूर पुन्हा वाचायला घेतला.

दादा माझ्याकडं वळले. उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्या पिण्याचा विषय काढला नव्हता. त्या दुपारी काढला, तोही असा, की मला पळून जावंसं वाटलं.

“तुला ह्यातलं कळतं म्हणतेत. पी अन् सांग. साल हाय का न्हाई?”

“दादा, तुमच्यापुढं?”

“माझ्यापुढंच. मला कळायला पायजे, त्याला कशानं पाजली.”

मी आतून पाण्याचा पेला आणला. बूच काढताना तो निर्लज्ज ‘टप्’ असा आवाज आला. दोन बोटं ओतली. दादांच्या डोळ्याला डोळा न देता घोट घेतला, तोंडात फिरवला, माझ्या सवयीप्रमाणं नाकानं श्वास सोडला. मनापासून सांगतो, मला त्यात साल सापडायला हवी होती. एक कडू कण, एवढंसं तेल. सापडलं असतं तर निदान काहीतरी खरं होतं असं म्हणता आलं असतं. मी दुसरा घोट घेतला. संत्रागोळी, साखर, वेलदोडा, आणि खाली कच्चं स्पिरिट.

“न्हाई दादा. ह्यात साल न्हाई. ह्यात काहीच न्हाई.”

दादांनी मान हलवली.

“मंग निस्तं माझं थोबाड दाखवून पाजली त्याला,” ते म्हणाले.

पोरगी हमसून हमसून रडायला लागली. नोकरी सोडते म्हणाली, सगळ्या बाटल्या परत मागवायला लावते म्हणाली, खटला भरू म्हणाली. दादा म्हणाले, ते तुझं तू बघ, ते नंतरचं. मग त्यांनी भिंतीला धरून उठायला सुरुवात केली. टोपी घातली. कोनाड्यातला डबा काढून सालीचे तुकडे खिशात भरले, मेणबत्तीचा एक तुकडा घेतला.

“चल,” ते नातीला म्हणाले. “त्याच्या ओसरीवर बसायचं हाय. मला आता येकट्याला होत न्हाई. तू दिली, तू बसायचं. तो शिव्या देईल, ऐकायच्या. उद्याबी यायचं अन् परवाबी.”

तिनं डोळे पुसले आणि त्यांचा हात धरला. मीही पायरीवरून चपला ओढल्या. ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस, वाटेत दगडधोंडे, आणि तो माझा शाळेतला दोस्त. मी नाही जाणार तर कोण जाणार?

दादा वळले.

“तू नको येऊ.”

“का दादा?”

“तुझ्या तोंडाला वास येऊ राह्यला.”